बुटांवरची पावसाळी खोळ: कापड पारखून घ्या

सख्यांनो, जूनमध्ये शाळा सुरू होते आणि मागोमाग पाऊसही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्यामुळे चार-पाच किलोमीटरवरच्या शाळेत पोरी जाऊ लागल्या. अंगावर रेनकोट असतो, दप्तराला प्लास्टिक गुंडाळलेलं असतं. बूट-मोजे मात्र शाळेत पोचेपर्यंत चिंब. मग त्याच ओल्या बुटांत पाच-सहा तास बसायचं. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात त्या अशानेच.

बुटांवर चढवायची खोळ शिवणं अवघड नाही. ज्या गटाकडे शिलाई मशीन आहे, त्यांना पावसाळ्याआधी चार पैसे मिळवून देणारं हे काम आहे. फसगत होते ती कापडात, आणि एकदा तागा घरी आणला की गटाचे पैसे त्यात अडकले.

दुकानदार कापडावर दोन थेंब टाकतो. थेंब मोत्यासारखे घरंगळतात. “बघा ताई, वॉटरप्रूफ!” पण तेवढ्यावर जाऊ नका. थेंब घरंगळतात ते वरच्या पॉलिशमुळे, आणि ते चार धुण्यांत उतरतं. पाणी खरं अडवतो तो कापडाच्या उलट बाजूला दिलेला थर, म्हणजे कोटिंग. कापड जाड आहे म्हणून पाणी अडेल, असंही नाही. कोटिंग नसलेलं जाड कापड पाणी पिऊन उलट जड होतं.

बाजारात मुख्यतः दोन प्रकारचं कोटिंग मिळतं. पीव्हीसीचं कापड रेक्झिनसारखं जाड आणि स्वस्त असतं, नवं असताना थेंबभर पाणी आत सोडत नाही. पण पायडल मारताना घोटा सारखा वाकतो. त्याच घडीवर पीव्हीसीला हळूहळू चिरा पडतात. जुन्या फ्लेक्स बॅनरचंही तेच. फुकट मिळतं म्हणून मोह होतो, पण ते ताठ असतं आणि घडीवर फुटतं. दुसरं पीयू कोटिंग. ते पातळ, मऊ आणि थोडं महाग. घोट्याच्या भागाला हेच घ्या, असं माझं मत.

आता डेनिअर. सूत किती जाड आहे याचं हे माप: 9000 मीटर सुताचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. रेनकोटचं पातळ ‘पॅराशूट’ कापड पायडलच्या घासण्यापुढे टिकत नाही. दप्तरं शिवायला वापरतात ते 420 किंवा 600 डेनिअरचं, आतून पीयू कोटिंग असलेलं कापड मागा. चवड्याखाली आणि टाचेखाली मात्र जाड रेक्झिनचा वेगळा तुकडा लावा. तिथे वाकण्यापेक्षा घासणं जास्त.

तागा घेण्याआधी वीतभर नमुना मागून आणा. साबणाने तीन-चारदा धुवा, वाळवा, मुठीत धरून खूप चुरगळा. मग पेल्याच्या तोंडावर खळगा करून रबराने बांधा, कोटिंगची बाजू खाली ठेवा आणि खळग्यात पाणी ओता. तासाभराने खालून बोट घासून पाहा. बोट ओलं झालं तर ते कापड नको. दुकानातच पारखायचं असेल तर कापडाला तोंड लावून जोरात फुंका. पलीकडे हवा लागली तर पाणीही जाणारच.

कापड उत्तम असूनही खोळ गळते, ती सुईच्या भोकांतून. टाचण्या लावू नका, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. टाका थोडा लांब ठेवा आणि उसवून पुन्हा त्याच जागी शिवू नका, पहिली भोकं तशीच राहतात. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, सुती दोरा ओलीत कुजतो. शिवण चवड्यावर येऊ देऊ नका, मागे टाचेवर घ्या. चवड्यावरच पाणी सर्वांत जास्त आदळतं. वेल्क्रो पायाच्या बाहेरच्या बाजूला बसवा. आतल्या बाजूला सुटं टोक राहिलं तर उजव्या पायाला साखळीत अडकेल आणि मुलगी पडेल. आणखी एक: सलवारीचा पायचा खोळीच्या बाहेरून खाली सोडायला सांगा. तो आत खोचला तर पाणी त्यावरूनच थेट बुटात उतरतं.

हिशेब असा. खोळीची एक बाजू साधारण 12 इंच लांब, 12 इंच उंच. एका जोडाला अशा चार बाजू. 58 इंच पन्ह्याच्या एका मीटरमध्ये बारा तुकडे बसतात, म्हणजे तीन जोड, आणि कडेला पट्ट्यांपुरतं कापड उरतं. रेक्झिन, वेल्क्रो, दोरा आणि शिवणारीची मजुरी वेगळी धरा. मजुरी धरायची राहून जाते.

आधी एकच जोड शिवा. एखाद्या मुलीला तो घालून आठवडाभर सायकल चालवू द्या, आणि रोज संध्याकाळी पायांवर दोन बादल्या पाणी ओतून मोजे पाहा. मोजे कोरडे निघाले की मगच तागा घ्या.