रॅमचा भाव विचारण्याआधी

बाबू, दुकानात शिरल्याशिरल्या "आठ जीबीची रॅम केवढ्याला?" असं विचारू नकोस. आधी घरी बघ, तुझ्या मशीनला कुठली लागते आणि खरंच लागते का.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. किती रॅम आहे, किती वापरात आहे, स्पीड किती, किती स्लॉट भरलेत, सगळं तिथं दिसतं. पोरीचा ऑनलाइन क्लास, ब्राउझर, एक्सेल, जे रोज चालतं ते चालू ठेवूनच हा आकडा बघायचा. आठपैकी पाचच जीबी वापरात असेल तर रॅमवर पैसे घालू नकोस. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाक. चारपैकी साडेतीन भरली असेल तर मात्र रॅमच कमी पडते आहे. आणि विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या वर टाकलेली रॅम तशीच पडून राहते.

डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या तिन्हींची खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, जोर लावलास तर स्लॉट तुटेल. लॅपटॉपची तर आखूडच असते. आलापल्लीहून चंद्रपूरची एक खेप म्हणजे अख्खा दिवस, म्हणून जुन्या रॅमवरच्या स्टिकरचा फोटो काढूनच निघ.

आता भाव. जगातली बहुतेक रॅम चिप तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. २०१३ च्या सप्टेंबरात चीनमधल्या वूशीच्या हायनिक्स कारखान्याला आग लागली आणि जगभर भाव चढले. १९९३ मध्ये जपानात चिपच्या वेष्टनाला लागणारी राळ बनवणारा एक कारखाना स्फोटात बंद पडला, तेवढ्यानंही रॅम महागली. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी चिपा उचलायला सुरुवात केली आणि किरकोळ बाजारात काही महिन्यांत भाव दुपटीच्या वर गेले. त्याच डिसेंबरात मायक्रॉननं 'क्रुशिअल' हा घरगुती ग्राहकांचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे तेंदूपत्त्याचा भाव पान तोडणाऱ्याच्या घामावर ठरत नाही, लांबच्या बिडीवाल्याच्या गरजेवर ठरतो. इथंही तसंच आहे. म्हणून गेल्या वर्षीचा भाव डोक्यात धरून दुकानदाराशी भांडू नकोस. दोन-तीन ठिकाणी विचार, नागपूरला सीताबर्डीतही फोन लाव, आणि किमतीला जीबीनं भागून मगच तुलना कर.

जुनी म्हणजे स्वस्त, हेही मनातून काढ. कंपन्या जुन्या पिढीची रॅम बनवणं कमी करतात तसा उरलेला माल महागतो. २०२५ मध्ये डीडीआर४ चं हेच झालं. ऑनलाइन कुठं ८ जीबीची डीडीआर३ फारच स्वस्त दिसली तर खालची बारीक ओळ वाच. त्यातल्या काही फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात, इंटेलच्या बोर्डावर मशीन सुरूच होत नाही.

मोठ्या स्पीडच्या आकड्यालाही भुलू नकोस. तुझा बोर्ड २४०० वर चालणारा असेल तर ३२०० ची रॅमही २४०० नंच पळेल. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर सारख्या दोन रॅमची जोडी चांगली, फरक कळतो. पण भाव चढलेले असताना गरजेपुरती एकच घे आणि एक स्लॉट मोकळा ठेव. माझं मत विचारशील तर घरच्या कामाला एकूण १६ जीबी पुरते.

"बिल नको असेल तर कमी करतो," असं कोणी म्हटलं तर नाही म्हण. १८ टक्के जीएसटी वाचतो, पण वॉरंटी जाते. बिलावर सिरियल नंबर लिहून घे.

बसवण्याआधी प्लग काढ आणि कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लाव, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. आपल्याकडे, त्यातही घुग्घुस-बल्लारपूरकडे, कोळशाची धूळ कॅबिनेटमध्ये साचते. स्लॉट ब्रशनं झाड, रॅमच्या सोनेरी कडेवर पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरव, चुरा नीट पूस. मग दोन्ही टोकं टक्क वाजेपर्यंत सरळ दाब. सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये पूर्ण जीबी दिसते का बघ. अर्धीच दिसली तर प्लग काढून पुन्हा बसव, आणि तरीही नाही दिसली तर दुसऱ्याच दिवशी बिल घेऊन दुकान गाठ.