बल दिसायला लागतं तेव्हा

बांदा परिसरात नववीला विज्ञान शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. 'गतीचे नियम' या धड्याने मला जे शिकवलं ते नव्या शिक्षकांसाठी लिहितो आहे.

१. सूत्र मागाहून, बाण आधी. नारळ काढायला पाडेली माडावर चढतो, मध्येच थांबतो. त्याचं चित्र काढायला लावा. वजनाचा बाण खाली, खोडाच्या घर्षणाचा वर, दोन्ही सारख्या लांबीचे. निव्वळ बल शून्य, म्हणून तो स्थिर. पावसाळ्यात खोडावर शेवाळ धरलं की घर्षण पुरत नाही. माड तोच, माणूसही तोच, एक बाण तेवढा आखूड झाला. हे मुलांना लगेच उमगतं.

२. गती टिकायला बल लागत नाही. 'बल संपलं म्हणून चेंडू थांबला', असं मुलं ठामपणे सांगतात. तो घर्षणाने थांबवला, हे पटायला वेळ लागतो. तो वेळ द्यावा. सावंतवाडीच्या एसटीत ब्रेक लागला की उभे प्रवासी पुढे जातात. त्यांना पुढे कुणीच ढकललेलं नसतं. ते आपल्या वेगाने जातच असतात, थांबते ती गाडी. गॅलिलिओला उमगलेली ही गोष्ट न्यूटनने 1687 साली पहिला नियम म्हणून मांडली.

३. गणित पावलांनी मोजून घ्यावं. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर साधारण 20 मीटरवर थांबते, ओल्या रस्त्यावर 35 मीटरच्या आसपास. ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी 17 मीटर. वेग 80 केला की कोरड्यावरचेच 20 चे 36 होतात, कारण अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. ही अंतरं मैदानावर चुन्याने आखा. गावालगत महामार्ग आहे. रस्ता ओलांडण्याआधी मुलं गाडीचा अंदाज नीट घेऊ लागतात.

४. क्रिया-प्रतिक्रियेची जोडी दोन वस्तूंवर असते. 'बलं समान आणि विरुद्ध, मग ती एकमेकांना रद्द का करत नाहीत?' हा प्रश्न विचारणारं मूल धड्याच्या गाभ्याशी पोचलेलं असतं. तेरेखोलच्या काठावर होडीतून उडी मारताना आपण होडीला मागे रेटतो, होडी आपल्याला पुढे. एक बल होडीवर, दुसरं आपल्यावर. रद्द होणार कशी? बलं सारखी, तरी हलकी होडी झटकन मागे सरते आणि जड होडी जेमतेम हलते. दुसरा नियमही इथेच शिकवून होतो.

५. उत्तराचा अर्थ विचारावा. 20 मीटरवरून सुटलेला नारळ, हवेचा विरोध सोडला तर, दोन सेकंदांत ताशी सुमारे 70 किलोमीटर वेगाने जमिनीवर येतो. हा आकडा स्वतः काढलेली मुलगी माडाखाली सायकल लावत नाही आणि धाकट्या भावालाही तिथे खेळू देत नाही. माझ्या लेखी धडा झाला तो तेव्हा.