ड्रूल शिकवताना

धार

चि. मंजिरी,

सरदारपुरात रुळलीस, बरं वाटलं. फळ्यावर इंग्रजी ‘ड्रूल’ आणि त्यापुढे हिंदी ‘लार टपकाना’ लिहिलंस तेव्हा वर्ग खिदळला म्हणतेस. खिदळू दे. पण शब्दापुढे शब्द मांडून थांबू नकोस.

एकदा वर्गात मांडूची इमली ने. गोरखचिंचेचं ते फळ धार जिल्ह्यातल्या पोरांना काय नवीन! कवच फोडून आतला पांढरा, भुकटीसारखा गर नुसता दाखव. ज्यांनी चाखलाय त्यांच्या कानाखाली शिरशिरी येईल, तोंड भरेल. पण ओठांबाहेर थेंब येणार नाही. हे ड्रूल नव्हे, हे तोंडाला पाणी सुटणं. लाळ बाहेर ओघळली की ड्रूल: लाळेरं भिजवणारं बाळ, उघड्या तोंडाने झोपलेला माणूस, भाकरीकडे टक लावून बसलेला कुत्रा. मुद्दाम टाकली की ते स्पिट. सलाइव्हा हा शास्त्राच्या पुस्तकातला शब्द, तो तिथेच शोभतो.

उशीवर लाळ गळली तर ‘ड्रूल ऑन’. बाइकवर जीव जडला तर ‘ड्रूल ओव्हर’. मुलं इथे हमखास गल्लत करतात. आपल्याकडे खुर्चीसाठी लाळ घोटतो तो नेहमी दुसराच, स्वतःबद्दल तसं कोणी म्हणत नाही. इंग्रजीत मात्र नव्या मोबाइलवर आपण ड्रूल करतोय, असं मुलगा स्वतःच हसत सांगतो. माणसाबद्दल वापरला की तोच शब्द ओंगळ होतो. नववीच्या वर्गात हे आडपडदा न ठेवता सांग, विशेषतः मुलग्यांना.

आणि उदाहरणं निवडण्याआधी बाकांवर नजर फिरव. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती नकळत गिळली जाते म्हणून आपली अब्रू राहते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांची लाळ गळते. ती जास्त बनते म्हणून नव्हे, बहुतेकदा गिळणं नीट जमत नाही म्हणून. असं एखादं मूल वर्गात असेल तर ‘ड्रूल’वरचं हसू त्याच्याकडे वळायला क्षण लागत नाही, आणि मग ते टोपणनाव शाळा सुटेपर्यंत चिकटतं. तेव्हा कुत्रा आणि झोपलेला माणूस पुरेत. आधी हे लाळेचं गणित सांग, शब्द नंतर.

पुढच्या आठवड्याची उदाहरणं मला आधी पाठव.

तुझा,
काका