ऑर दिसला की कंस घाल

बाय, आपल्या मच्छीमार नगरच्या नौकांची नि आवकेची नोंद आता तुझ्या हाती आली, तर चार गोष्टी कानात घालून ठेवते.

फिल्टर लिहिण्याआधी काय हवंय ते कागदावर मराठीत पुरतं लिही. समज, डोल जाळ्यात आलेला बोंबील आणि करंदी हवी आहे. घाईत तू लिहिशील: मासा = "बोंबील" ऑर मासा = "करंदी" अँड जाळे = "डोल". एसक्यूएल अँडची जोडी आधी लावतं, ऑरची नंतर. मग करंदी तेवढी डोलची येते नि बोंबील मिळेल त्या जाळ्याचा. बोंबील बहुतेक डोलचाच असतो, म्हणून यादी बरोबर वाटते आणि परक्या दोन-चार ओळी नजरेतून सुटतात. असं लिही: (मासा = "बोंबील" ऑर मासा = "करंदी") अँड जाळे = "डोल". ऑर दिसला की कंस घालायचाच, गरज वाटो न वाटो.

नावांचं जरा सांभाळून. एकच नौका कुणी 'एकवीरा' लिहितं, कुणी 'एकविरा'. आपल्याला 'वी' एक अक्षर दिसतं, यंत्राला मात्र व आणि वेलांटी अशी दोन. म्हणून एक्सेलात "एकव?रा" लिहिलंस की दोन्ही सापडतात, तिथे '?' म्हणजे कुठलंही एक चिन्ह, * म्हणजे कितीही. एसक्यूएलमध्ये लाइक लिहून हीच कामं _ आणि % करतात. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा दिसत नाही, पण ती जुळणी मोडू शकते. ती आधी काढून टाक. पापलेटला कुणी सरंगा म्हणतं, तेव्हा शास्त्रीय नावाचा वेगळा रकाना ठेव. बोंबील कसाही लिहिला तरी तिथे हार्पाडॉन नेहेरियसच राहील. नौका मात्र नोंदणी क्रमांकानेच शोध, कारण एकवीरा नावाच्या नौका कितीतरी असतात.

सगळ्यात जपायचं ते पावसाळी बंदीच्या यादीला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ती लागू नाही. तारखा वर्ष-महिना-दिवस अशाच लिही. २०२४-०६-०१ ही मजकूर म्हणून साठवली तरी क्रमाने लागते, ०१-०६-२०२४ लागत नाही. शेवटची अट "३१ जुलैपर्यंत" अशी ठेवू नकोस, "१ ऑगस्टच्या आधी" अशी ठेव. तारखेसोबत वेळही नोंदलेली असेल, तर ३१ जुलै म्हणजे यंत्राला त्या दिवसाच्या सुरुवातीची मध्यरात्र, आणि त्यानंतरचा तो सगळा दिवस गळून जातो.

मग यांत्रिक नौका काढायला प्रकार <> "बिगरयांत्रिक" अशी अट घालशील. ज्या नौकेचा प्रकार भरायचाच राहिला, ती एसक्यूएलमध्ये या अटीतही बसत नाही आणि उलट्या अटीतही नाही. दोन्हीकडून गायब होते. रिकाम्या रकान्यांची चौकशी वेगळी कर. यांत्रिक, बिगरयांत्रिक आणि रिकाम्या, तिन्हींची बेरीज एकूण ओळींइतकी आल्याशिवाय यादी पुढे पाठवू नकोस. बंदी मोडल्याचं बालंट एखाद्या तांडेलावर आलं, तर परवान्याचा प्रश्न उभा राहतो आणि त्याच्यासोबत खलाशांची घरंही अडचणीत येतात.

यादी देताना वर वापरलेला फिल्टर जसाच्या तसा लिही, खाली काढल्याची तारीख टाक. तांडेलाने विचारलं तर त्याच्यासमोर तोच फिल्टर पुन्हा चालव.