दोन झोपांची एक झोप : धाकटे भावंड आणि थोरल्या बहिणीची शाळा



तान्ह्या मुलाच्या झोपेचा विषय प्राथमिक शाळेच्या पुस्तिकेत कसा आला, असा प्रश्न काहींच्या मनात उभा राहील. झोपेचा प्रश्न घरातला, त्यातही आईचा, अशी आपली समजूत असते. परंतु ज्या घरातील आईबाप दिवस उजाडताच कामाला बाहेर पडतात, त्या घरातील सव्वा-दीड वर्षाचे मूल दिवसभर कोणाच्या कडेवर असते, हे आपण जाणतो. पुष्कळदा ते तिसरी-चौथीत शिकणाऱ्या बहिणीच्या कडेवर असते. यास्तव त्या मुलाची झोप तिच्या हजेरीशी बांधलेली असते. या पाठात त्या दोहोंचा विचार एकत्र करावयाचा आहे.

१. हजेरीपत्रक काय सांगते

पेण-रोहा भागातील रामवाडीसारख्या वस्तीचा विचार करा. या परिसरात पावसाळ्यात भाताची लावणी असते, गणेशचतुर्थी जवळ आली की मूर्तींच्या कारखान्यांत रात्रंदिवस काम चालते, आणि दिवाळीनंतर कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांकडे जातात. या प्रत्येक हंगामात आईचे हात घराबाहेर गुंतलेले असतात.

एक वर्षाच्या आतबाहेरचे मूल साधारणतः दिवसातून दोनदा झोपते. एक झोप सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास, दुसरी दुपारी दोन-अडीचच्या सुमारास. पहिल्या झोपेमुळे मुलीचा परिपाठ व पहिला तास चुकतो. मधल्या सुट्टीत घरी गेलेली मुलगी दुसऱ्या झोपेमुळे परत येत नाही. म्हणजे शाळेच्या दिवसाची दोन्ही टोके तिच्या हातून निसटतात. 'उशिरा येते', 'सुट्टीनंतर थांबत नाही' असे शेरे आपण सहज लिहितो. ते ज्या वेळांभोवती पडतात त्या वेळा एकदा घड्याळाशी ताडून पाहाव्यात. कित्येकदा मुलीच्या अनास्थेऐवजी धाकट्या भावाची झोपच तेथे आढळेल.

यानंतर दोन झोपांची एक झोप होण्याचा काळ येतो. त्या काही आठवड्यांत मूल अवेळी पेंगते, अवेळी रडते, आणि मुलगी पूर्णपणे घरी राहते. भागाकाराचा पाठ चालू असताना महिनाभर शाळा चुकली, तर पुढचे गणित तिला परके वाटू लागते. शाळा सुटण्याची सुरुवात पुष्कळदा अशाच एखाद्या महिन्यात होते.

२. झोप का बदलते

माणूस जितका वेळ जागा राहतो, तितकी त्याच्या मेंदूत झोपेची ओढ साठत जाते. तान्ह्या मुलात ही ओढ फार लवकर भरते, म्हणून ते थोड्या थोड्या वेळाने झोपते. मेंदूची वाढ होते तसे जागे राहण्याचे बळ वाढते. वर्षाचे मूल साधारणतः तीन ते चार तास आनंदाने जागे राहू शकते. दीड वर्षाचे मूल पाच तास किंवा त्याहूनही थोडे अधिक. बहुतेक मुले १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान दोनावरून एका झोपेवर येतात. तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान पुष्कळांची ही एक झोपही सुटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे, दिवसाची झोप धरून एकूण झोप पुढीलप्रमाणे असावी :

४ ते ११ महिने : १२ ते १६ तास
१ ते २ वर्षे : ११ ते १४ तास
३ ते ४ वर्षे : १० ते १३ तास

यावरून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. झोपांची संख्या कमी झाली, तरी झोपेची गरज त्या मानाने फारशी घटत नाही. दोन लहान झोपांच्या जागी एक मोठी झोप येते. ती हिरावून घेणे मुलाच्या हिताचे नाही. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पंधरा महिन्यांच्या मुलांना कृत्रिम भाषेतील शब्दरचना ऐकविल्या होत्या. त्यानंतर जी मुले झोपली, त्यांनी त्या रचनेमागील नियम उचलल्याचे दिसून आले. जी जागी राहिली, त्यांच्यात तसे दिसले नाही. झोपलेले मूलही शिकत असते, हे आपण शिक्षकांनी तरी विसरू नये.

३. वेळ आली हे कसे ओळखावे

पुढील खुणा सतत सुमारे दोन आठवडे दिसल्या, तर मूल एका झोपेस तयार झाले असे समजावे :

(अ) सकाळी झोळीत घातल्यावर बराच वेळ खेळत राहते, झोपत नाही.
(आ) सकाळी नीट झोपते, पण दुपारी मुळीच झोपत नाही.
(इ) दोन्ही वेळा झोपते, पण रात्री फार उशिरापर्यंत जागे राहते किंवा पहाटेच उठून बसते.

दोन-चार दिवसांच्या हट्टावरून निर्णय करू नये. दात येताना, ताप-खोकल्यात, किंवा मूल नुकतेच चालू लागले असताना झोप काही दिवस विस्कटते व पुन्हा जागेवर येते. दहा-अकरा महिन्यांच्या मुलाने सकाळची झोप नाकारली, तर तो बदल बहुधा तात्पुरता असतो.

४. बदल कसा करावा

या कामी घाई करू नये. सकाळची झोप दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटे पुढे न्यावी. साडेनऊची झोप बारावर आणावयाची, तर अशा दहा पायऱ्या होतात, म्हणजेच सुमारे एक महिना लागतो. काही मुलांना यापेक्षा कमी, काहींना दीड महिनाही लागेल. हा हिशेब आईला बोटांवर मोजून दाखवावा. किती दिवस चालणार हे कळले, की त्रास सोसण्याचे बळ येते.

या काळात पुढील पथ्ये पाळावीत :

सकाळी झोपेची पेंग येऊ लागली, की मुलाला अंगणात, उजेडात न्यावे; खेळवावे. मात्र थकून रडणाऱ्या मुलाला बळे जागे ठेवू नये. एखाद्या दिवशी त्याला पूर्वीप्रमाणे दोनदा झोपू द्यावे. त्याने झालेले काम वाया जात नाही.

झोपेपूर्वी अर्धा तास मऊ भात-वरण किंवा पेज द्यावी. भुकेले मूल अर्ध्या तासात उठते. हातपाय धुणे, जागा थोडी अंधारी करणे, तीच अंगाई गुणगुणणे हा क्रम रोज एकच असावा.

दुपारी चारनंतर झोपू देऊ नये. उलट या महिन्यात रात्री नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण तास आधी निजवावे.

बदल पुरा झाल्यावर दिवस साधारणतः असा दिसेल : सकाळी साडेसहाला जाग, साडेअकराला जेवण, बारा ते दोन झोप, रात्री आठला निजणे. एकूण साडेबारा तास झोप होते व ती वर दिलेल्या प्रमाणात बसते.

झोळी जमिनीपासून फार उंच नसावी, व तिच्याखाली दगड किंवा चूल नसावी. मुलाला गुंगी आणणारे कोणतेही औषध वा अफू देऊ नये. १९२० च्या दशकात मुंबईच्या चाळींत गिरणीवर जाणाऱ्या कित्येक माता तान्ह्यांना अफूच्या 'बाळागोळ्या' देऊन निजवीत. पाळणाघर नव्हते, म्हणून गोळी होती. खोकल्याचे औषध झोपेसाठी देणे हाही त्यातलाच प्रकार होय. मूल दिवसभर सुस्त राहत असेल किंवा झोपेत श्वासास अडखळत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावयास सांगावे.

५. शिक्षकाने काय करावे

प्रथम घरी जावे. संध्याकाळी आई कामावरून आल्यावर, आजी असेल तर तिच्याही समक्ष बोलावे. उपदेशाचा सूर नसावा. 'बाळ हल्ली किती वेळा झोपते?' या साध्या प्रश्नाने बोलणे सुरू करावे. अंगणवाडी सेविका व आशाताई यांना सोबत घेतल्यास अधिक बरे.

दुसरे, एक झोप बारा ते दोन या वेळेत बसली, की सांभाळण्याची वाटणी करता येते. झोपलेल्या मुलाजवळ बसणे आजीला किंवा शेजारणीला जड जात नाही. दिवसभर धावणाऱ्या मुलामागे धावणे जड जाते. घरी वडील भाऊ असल्यास त्याचीही पाळी लावावी. भावंडे सांभाळणे हे केवळ मुलीचेच काम, असा नियम कोठेही लिहिलेला नाही.

तिसरे, यांपैकी काहीच शक्य नसेल, तर मुलीला भावंडासह शाळेत येऊ द्यावे. व्हरांड्याच्या सावलीत, नजरेच्या टप्प्यात, गोधडी अंथरण्यापुरती जागा पुरते. शक्य तेथे गणित व भाषेचे नवे पाठ बाळ झोपेल त्या वेळेत घ्यावेत, म्हणजे मुलीचे दोन्ही हात मोकळे असतील. स्थलांतरित कुटुंबाच्या बाबतीत शिक्षण हमी पत्रक देताना, बाळ कोणाजवळ राहणार हेही विचारून ठेवावे.

या मार्गाची वाट आपल्याकडे पूर्वीच घातली गेली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ यांच्या साथीने ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची सांगड घालण्यात आली. थोरले मूल शिकावयाचे, तर धाकट्याची सोय त्याच आवारात हवी, ही त्यामागील दृष्टी होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालविली. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने मान्य झाला व तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. २०२२ पासून केंद्र शासनाच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालविण्याची तरतूद झाली आहे. सहा महिन्यांपासूनच्या मुलांची सोय त्यात धरलेली आहे. व्हरांड्यातील गोधडी हा तात्पुरता उपाय आहे. आपल्या गावी पाळणाघर व्हावे यासाठी ग्रामसभेत विषय मांडणे व त्याकरिता हजेरीपत्रकातील नोंदी दाखविणे, हे शाळा व्यवस्थापन समितीचे काम समजावे.

६. केंद्राच्या शिक्षण परिषदेसाठी प्रश्न व उपक्रम

(१) आपल्या वर्गातील कोणत्या मुली भावंडे सांभाळतात? त्या भावंडांची वये व झोपेच्या वेळा यांचा तक्ता करा.
(२) मागील तीन महिन्यांचे हजेरीपत्रक पाहून त्या मुली कोणत्या तासांना अनुपस्थित होत्या, ते शोधा. तक्त्याशी मेळ बसतो काय?
(३) सोळा महिन्यांचे मूल सकाळी दहाला झोपते व दुपारी झोपत नाही. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटे पुढे नेल्यास त्याची झोप बारावर येण्यास किती दिवस लागतील? त्या दिवसांत त्याच्या बहिणीचे कोणते पाठ चुकण्याचा संभव आहे, आणि ते तिला कोण व केव्हा शिकवील?

तिसऱ्या प्रश्नाच्या शेवटच्या भागाचे उत्तर प्रत्येकाने लेखी आणावे, व त्यात मुलीचे नाव, पाठाचे नाव आणि वार लिहावा.