पावसाळा सरल्यावर परसबागेंतील कामें



आश्विन महिना आला म्हणजे देशावर पाऊस परतूं लागतो आणि ऑक्टोबराचें ऊन तापूं लागतें. शेतांत काढणीची घाई असते, म्हणून घरामागील वाफ्यांकडे पाहण्यास कोणास सवड नसते. ‘दिवाळी झाल्यावर पाहूं’ असें आपण म्हणतों. परंतु तोंवर वरच्या मातींतील ओल उडून जाते, काळी जमीन भेगाळते, आणि जें काम फुकट झालें असतें त्यासाठीं विहिरीचें पाणी ओढावें लागतें. जेथें माघांत विहिरी आटतात तेथें तेंही मिळत नाहीं. पावसानें मागें ठेवलेली ओल हें गरिबाचें भांडवल होय. तें कसें राखावें, हा आजचा पाठ आहे.

पहिलें काम, माती मोकळी करणें. पंचांगावर विसंबूं नये. भारतीय हवामान खात्यानें २०२० सालीं पाऊस परतण्याच्या सामान्य तारखा बदलल्या. वायव्य भारतांतून तो परतूं लागण्याची तारीख १ सप्टेंबर होती, ती १७ सप्टेंबर केली. तेव्हां तारीख न पाहतां माती पाहावी. ती पायांस चिकटत असेल तर थांबावें, नाहीं तर ढेकळें होतात. वाफसा येतांच तण काढून वरची दोन बोटें माती खुरप्यानें हलवावी. तण आपल्या भाजीचें पाणी पितें, आणि भेगांतून खोल ओल निघून जाते. एका खुरपणीनें दोहोंस आळा बसतो.

दुसरें काम, पालापाचोळा राखणें. तो पेटवूं नये. वाळलेला पाला झाडांच्या बुडाशीं पसरला तर सावली होऊन ओल टिकते. उरलेला पाला, शेण व थोडी माती यांचे थर खड्ड्यांत द्यावे. आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं इंदूर येथें हीच देशी सामग्री घेऊन प्रयोग केले व १९३१ सालीं त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांच्या रीतीनें ढीग ओलसर ठेवून तीन वेळां उलथला म्हणजे सुमारें तीन महिन्यांत खत होतें.

तिसरें काम, बीं पारखणें. एके वर्षीं मी गाडग्यांत राहिलेलें दोन वर्षांचें कांद्याचें बीं पेरलें. पंधरा दिवस पाणी घातलें. चार रोपें वर आलीं, आणि पुन्हां पेरावें तों हंगाम गेला. त्या वर्षीं आम्हीं उन्हाळाभर कांदा विकत घेतला. कांद्याचें बीं वर्षभरांतच निर्जीव होऊं लागतें, हें मला तेव्हां समजलें. म्हणून पन्नास बिया ओल्या फडक्यांत गुंडाळून सावलींत ठेवाव्या व फडकें सुकूं देऊं नये. कांद्यास दहा दिवस पुरेत. चाळीस उगवल्या तर बीं चांगलें. पंचवीसच उगवल्या तर दुप्पट पेरावें. त्याहून कमी असतील तर नवें बीं आणावें.

चौथें काम, पेरणें. मेथी, पालक व कोथिंबीर एकदम न पेरतां दर आठ-दहा दिवसांनीं एकेक वाफा पेरावा, म्हणजे भाजी चालू राहते. मेथी महिन्याभरांत खुडण्यास येते. धणे रगडून दुभंगावे व मग पेरावे. मुळा व गाजर जागच्या जागींच पेरावीं. रोप उपटून लावल्यास मूळ वांकडें होतें. लसणाची पाकळी टोंक वर करून चार-चार इंचांवर लावावी. कांद्याचें रोप आतां टाकलें तर सहा-आठ आठवड्यांनीं लावणीस येतें.

शेवटीं पाण्याविषयीं. मोरीचें पाणी केळीस व अळूस सोडावें. परंतु मुळा, कोथिंबीर यांसारख्या कच्च्या खाण्याच्या भाज्यांस घालूं नये. वाफ्यांस पाणी संध्याकाळीं द्यावें, उन्हांत देऊं नये.

ज्यांस वाचतां येतें त्यांनीं हा पाठ शेजाऱ्यांस वाचून दाखवावा व पुढील प्रश्न विचारावे:

१. माती खुरपण्याजोगी झाली हें कसें ओळखावें?
२. पन्नासांपैकीं पंचवीस बिया उगवल्या तर काय करावें?
३. तुमच्या घरीं या आठवड्यांत कोणता पाला जाळला जाणार होता, व आतां त्याचें काय कराल?