परळीची राख आणि आपली जबाबदारी

प्रदूषण हा केवळ महानगरांचा प्रश्न आहे, अशी समजूत अद्यापही पुष्कळांच्या मनात आहे. वस्तुतः बीडसारख्या कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यातही हा प्रश्न अर्धशतकापासून उभा आहे. परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्र हे त्याचे ठळक उदाहरण होय.

१९७१ मध्ये येथे ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॅटचे तीन, तर २००७, २०१० व २०१६ मध्ये २५० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. शेतीपंपांना व उद्योगांना वीज मिळाली, अनेकांना रोजगार मिळाला. हा लाभ नाकारता येणार नाही. परंतु विजेबरोबर राखही निर्माण होते, हे विसरून चालणार नाही.

राख कोठून येते?

आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण सामान्यतः ३० ते ४५ टक्के असते. २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालल्यास दिवसाकाठी हजार टनांहून अधिक राख उरते. तिच्यातील बहुतांश राख पिठासारखी बारीक असते. ती पाण्यात कालवून तळ्यात सोडली जाते. तळे सुकले की वाऱ्याबरोबर उडते आणि उघड्या वाहनांतून नेली की रस्त्यावर सांडते.

हानी कोणती?

राखेचे अतिसूक्ष्म कण थेट फुप्फुसात जातात. त्यामुळे दमा व श्वसनाचे अन्य विकार बळावतात. पिकांच्या पानांवर थर बसल्याने वाढ खुंटते. राखेत आर्सेनिक, शिसे यांसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. तळ्यातील पाणी झिरपल्यास विहिरींना धोका संभवतो. शिवाय राख वाहून नेण्यास पाणी लागते. ज्या केंद्राला २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी वीजनिर्मिती थांबवावी लागली, तेथे ही हानी दुहेरी ठरते.

उपाय आणि कर्तव्य

राख ही टाकाऊच असते असे नाही. सिमेंट, विटा व रस्त्यांचे भराव यांत ती उपयोगी पडते. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख वापरता येते. केंद्र शासनाने १९९९ मध्ये राखेच्या वापराविषयी अधिसूचना काढली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के वापर करण्याची जबाबदारी वीज केंद्रांवर टाकली व कसूर केल्यास भरपाईची तरतूद केली.

तथापि कायदा कागदावर राहून हवा स्वच्छ होत नाही. केंद्राने तळी ओली व झाडांनी वेढलेली ठेवावीत. वाहतूकदाराने राख झाकूनच न्यावी. अधिकाऱ्यांनी शासकीय बांधकामांच्या अंदाजपत्रकांत राखेच्या विटांचा समावेश करावा. ग्रामपंचायतींनी विहिरींच्या पाण्याची नियमित तपासणी करून घ्यावी आणि उघडी वाहतूक आढळल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार नोंदवावी. शिक्षकांनी शाळेच्या खिडकीवर साचणारी धूळच पाठाचे साधन करावी.

१९७६ च्या घटनादुरुस्तीने नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. वीज सर्वांनी वापरावी आणि राख मात्र तळ्याकाठच्या चार गावांनी सोसावी, हा न्याय नव्हे. दिवा लावणाऱ्या प्रत्येक हाताने राखेचाही भार उचलला पाहिजे.